जकार्ताच्या अलीकडे

ज्या शहरात मी एकदाही पाऊल ठेवलेलं नाही, तिथे संध्याकाळी गाड्या कुठे तुंबतात हे मी लंडनच्या उत्तर टोकाला, एजवेअरमध्ये बसून सांगू शकते. हा नाद मला गेल्या हिवाळ्यात लागला. सकाळी अकराच्या सुमाराला मी दुसरा चहा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि फोनवर जकार्ताचा नकाशा उघडायची. आपली सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, ऑफिसं सुटायची वेळ. बघता बघता रस्ते पिवळे व्हायचे, मग तांबडे, मग असे काळपट तांबडे की बघवत नसे. चहावर साय धरायची. आमचे हे समोर पेपर वाचत असायचे. एकदा म्हणाले, अगं, तू रिटायर झालीस ना? मी म्हटलं, डेपोतून झाले, आईपणातून नाही.

अर्धं आयुष्य मी उत्तर लंडनच्या एका बस डेपोत वेळापत्रकं केली. कुठल्या रस्त्याला केव्हा किती वेळ लागतो, हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न होता. त्या कामात एक गोष्ट कायम पाळायची: शेवटच्या स्टॉपवर बसला थोडा जास्तीचा वेळ द्यायचा, म्हणजे उशिरा पोचलेली बस निदान परत निघताना तरी वेळेवर निघते. तो जास्तीचा वेळ कापायला वरचे साहेब दर वर्षी टपलेले असत आणि मी दर वर्षी भांडून तो परत घेई. त्यामुळे जकार्ताकडे राहणारी माझी गरोदर मुलगी जेव्हा फोनवर म्हणाली की बाळंतपणाचं हॉस्पिटल घरापासून फक्त चाळीस मिनिटांवर आहे, तेव्हा माझं डोकंच फिरलं. चाळीस मिनिटं केव्हा? कुठल्या वारी? पाऊस असताना की नसताना? तिने हसून विषय बदलला आणि माझ्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच.

मुलगी माझी एकुलती एक. जन्माने इथलीच, ब्रिस्टलला इंजिनिअरिंग शिकली आणि तिथेच बरोबर शिकणाऱ्या, इंडोनेशियातल्या सुराबायाच्या मुलाशी लग्न केलं. दोघांना नोकऱ्या मिळाल्या त्या जकार्ताकडे. जावई भर शहरात, एका उंच इमारतीत. ही शहराच्या पूर्वेला, कारखान्यांच्या पट्ट्यात. घर घेतलं बेकासीला, म्हणजे हिच्या कारखान्याच्या अलीकडे आणि त्याच्या ऑफिसच्या बऱ्याच पलीकडे. दिवस राहिले तेव्हा हॉस्पिटलमध्ये नाव घातलं ते मात्र राजधानीच्या ऐन मध्यावर. जावयाच्या ऑफिसातले सगळे तिथेच जातात म्हणे. तळमजल्यावर पियानो आहे. बाळंतपणाला पियानो कशाला लागतो, हे मला कोणी सांगितलं नाही.

मग मी तो सगळा प्रदेश समजून घ्यायला बसले. जकार्ता, बोगोर, देपोक, तांगेरांग, बेकासी या पाच नावांचे सुरुवातीचे तुकडे जोडून तिथल्या लोकांनी सगळ्याला मिळून एक नाव दिलंय, जाबोदेताबेक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते लहान मुलांच्या खेळातलं वाटलं. आता मी ते झोपेतही म्हणेन. दक्षिणेला बोगोरचे डोंगर, तिथे पाऊस पडतच असतो आणि ते पाणी नद्यांमधून खाली जकार्तात येतं. मध्ये देपोक. पश्चिमेला तांगेरांग, विमान उतरतं ते तिकडे. पूर्वेला बेकासी आणि त्याच्याही पुढे कारखाने, गोदामं, ट्रक. उत्तरेला समुद्र. आणि समुद्राकडचा भाग दर वर्षी खाली खाली जातोय, कारण नळाचं पाणी सगळ्यांना पुरत नाही, म्हणून लोक जमिनीतलं उपसतात, आणि उपसतात म्हणून जमीन खचते. बुडत्याचा पाय खोलात, तो असा. तिथे समुद्र अडवायला भिंत घातली आहे. व्हिडिओत बघितली, भिंतीच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला, पाण्याहून खाली, कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणं.

एवढं सगळं झाल्यावर सरकारने काय ठरवलं, तर दुसऱ्या बेटावर जंगलात नवी राजधानी बांधायची. मला रागच आला. सरकारचं बरं असतं, घर गळायला लागलं की घर बदलतं. बाकीच्या कोट्यवधींनी मात्र तिथेच राहायचं, मोटारसायकलच्या मागे बसून कामाला जायचं आणि गटार तुंबलं की टीव्ही माळ्यावर चढवायचा. हे म्हणाले, तू एवढी का चिडतेस, तुझी राजधानी आहे का ती? नव्हती. पण मुलगी तिथे होती, आणि ज्या गावात आपलं माणूस असतं त्या गावाच्या सरकारवर चिडायचा हक्क आपोआप मिळतो.

बेकासीबद्दल वाचताना मात्र वेगळंच झालं. राजधानीतले लोक बेकासीला हसतात. ते गाव दुसऱ्या ग्रहावर आहे, तिकडे जायला रॉकेट लागतं, असले विनोद. आणि त्याच राजधानीचा सगळा कचरा रोज ट्रक भरभरून बेकासीलाच जातो, डोंगर झालाय त्याचा. हे वाचलं आणि मला त्या न पाहिलेल्या गावाचा लळाच लागला. कारण मी अंबरनाथची.

खरं तर मी अंबरनाथची असं कोणालाच सांगत नाही. मी मुंबईची. आमच्या घरातले सगळेच मुंबईचे होते. माझं स्थळ दाखवलं तेव्हा 'मुलगी मुंबईची' असंच सांगितलं होतं, आणि यांची आत्या पुण्याहून बघायला आली तेव्हा स्टेशनवरून रिक्षाने येता येता तिने दोनदा विचारलं होतं, हीच का मुंबई? पुढे लग्न होऊन इथे आले, तर भारतातल्या सगळ्यांना मी 'लंडनला असते'. एजवेअर हे ट्यूब रेल्वेच्या एका लाइनचं शेवटचं स्टेशन, त्याच्यापुढे रूळच नाहीत. पण ते कोण सांगत बसतं? मुलीनेही हेच उचललं. तिच्या सगळ्या मैत्रिणींना ती जकार्ताला असते. मराठी मंडळात मीही हेच सांगितलं होतं. जकार्ता म्हटलं की निदान अर्ध्या लोकांना ते कुठे आहे हे ठाऊक असतं.

पण या नावापायी आमच्या घरात एकदा जे झालं, ते मुलीला मी कधीच सांगितलं नव्हतं.

माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे अंबरनाथला. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्रसूतिगृह होतं, साधं, खाटांना हिरवा रंग दिलेलं. गल्लीतली सगळी पोरं तिथेच जन्मली, मीसुद्धा. पण ताईचं सासर तालेवार आणि वडिलांना वाटलं, त्यांच्यासमोर आपलं हसं नको. त्यांनी नाव घातलं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. ताईला कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी वडिलांनी गाडी ठरवली. पुढे वडील, मागे आई, ताई आणि मी, ताईचं डोकं माझ्या मांडीवर. कल्याण गेलं, शिळफाटा गेला, मुंब्रा गेलं. ठाण्याच्या पुढे मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, आणि तिच्यात आम्ही अडकलो. वडील मागे वळून वळून सांगत होते, आलीच मुंबई, आलीच आता. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी फुटून रुतली. मुलगी झाली, गाडीतच झाली, आणि ती रडली नाही. आईने तिला आपल्या पदरात गुंडाळलं. ट्रकवाले खाली उतरून पाठ करून उभे राहिले, एवढं मला आठवतं. आणि वडिलांची मान पुढे झुकलेली.

ताई नंतर सावरली. तिला दोन मुलगे झाले, आता ती नाशिकला असते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्ही कोणी विषय काढला नाही. आमच्याकडे दुःखाला झाकण घालून ठेवायची पद्धत आहे, लोणच्याच्या बरणीला घालतात तसं.

म्हणून मुलीने इकडे यावं असं मला फार वाटत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिचं माहेर एजवेअर. ती म्हणाली, सुट्टी नाही, आणि आता फ्लाय करायला देणार पण नाहीत. मग मीच जायचं ठरवलं. व्हिसा, तिकीट सगळं झालं. तिने सांगितलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीचं विमान. डिंकाचे लाडू केले, अळीव घेतले, बाळाला टोपडी शिवली. सातव्या महिन्यात तिच्या सासूबाई सुराबायाहून आल्या त्या बाळंतपणापर्यंत राहायलाच. त्यांच्यातही सातव्या महिन्यात कौतुक करतात, आपल्या डोहाळजेवणासारखं. फुलांच्या पाण्याने अंघोळ घालतात, एकामागून एक वस्त्रं बदलतात आणि जमलेल्या बायका प्रत्येकाला नाही नाही, हे शोभत नाही म्हणतात. मी ते फोनवर बघितलं. विहीणबाई लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. त्यांनी फोनकडे बघून हात जोडले, मी इथे ओट्याशी उभी राहून हात जोडले, आणि मला रडू आलं.

पण हॉस्पिटलचा काटा काही निघेना. रोज फोन करून मी तिला तेच सांगायची: जवळचं बघ. ती तेच सांगायची: जवळचं बरं नाही. एक दिवस तिचा आवाज चढला.

"आई, तू तिकडे बसून मॅप बघते आणि मला स्ट्रेस देते. हा हॉस्पिटल बेस्ट आहे. बेकासीला कोण जातं डिलिव्हरीला? सगळे जकार्तालाच जातात."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, हे मलाही कळत होतं. पण तिचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला मुलुंडचा नाका दिसला. मी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, तिला ताईची सगळी गोष्ट सांगून टाकली. बांगडीसकट. आलीच मुंबईसकट. आठ महिन्यांच्या पोटुशीला सांगायची ती गोष्ट नव्हे. सांगताना कळत होतं, तरी थांबता आलं नाही.

ती म्हणाली, "ओके. पण आई, दॅट वॉज देन." आणि नवऱ्याने जेवायला बोलावलंय म्हणून फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दोघी तो विषय टाळूनच बोलायला लागलो. मी मात्र घरात एका जागी बसेनाशी झाले. कपाटं आवरली, आवरलेली परत आवरली. यांची अलॉटमेंटवरची, म्हणजे भाड्याने घेतलेल्या वाफ्यातली मेथी त्यांच्याआधी जाऊन खुडून आले. बॅग भरली, वजन केलं, उपसली, पुन्हा भरली. पायाला भिंगरी लागल्यागत झालं होतं, आणि जायचं होतं तिथे जायला अजून अवकाश होता.

कळा आधीच सुरू झाल्या. नेमक्या अकराच्या सुमाराला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, आणि तिकडे धो धो पाऊस. जावयाचा मेसेज आला की निघालोय, गाडीत माझी आई आहे, काळजी करू नका. मी सारखी फोन करीन या भीतीने असेल, त्याने आपण कुठे आहोत ते नकाशावर दिसेल अशी सोय करून दिली. एक निळा ठिपका. तो बेकासीच्या घरातून निघाला आणि राजधानीच्या मोठ्या रस्त्याला लागला. त्या रस्त्यावर दुसरा रस्ता चढवलेला आहे, बाजूने आगगाडी जाते, आणि तरीही संध्याकाळी तिथून मुंगी सरकत नाही. मला ते तोंडपाठ होतं. ठिपका थोडा सरकला आणि थांबला.

मला घरात थांबवेना. तशीच बाहेर पडले आणि चालत चालत बस स्टेशनवर आले. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप तिकडे जातात. पावसाची भुरभुर होती. हे मागून माझा कोट घेऊन धापा टाकत आले, माझ्या खांद्यावर टाकला आणि बाकावर शेजारी बसले. समोरून बसेस वेळेवर सुटत होत्या. त्या वेळेवर सुटत होत्या याचाही मला राग आला. ठिपका तिथेच. मी फोन हलवला, जणू हलवल्याने गाडी पुढे जाणार होती. हेही फोनकडे बघत बसून राहिले.

आणि मग तो ठिपका मोठ्या रस्त्यावरून खाली उतरला आणि उलटा फिरला.

मी उभीच राहिले. उलटा का? काय झालं? जावयाला फोन केला, वाजत राहिला. मुलीला केला, बंद. हे म्हणाले, काही विसरलं असेल घरी. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. ठिपका छोट्या रस्त्यांत शिरला, एका कालव्याच्या कडेने गेला, घराच्या दिशेने गेला, घराशी थांबला नाही, आणि एका गल्लीत जाऊन गप झाला. मी ती गल्ली मोठी करून बघितली. नकाशावर तिथे काहीच नव्हतं, नुसती छपरं. एवढे महिने तो प्रदेश घोकला, नद्या, भिंती, टोलनाके, सगळं. आणि माझी मुलगी नेमकी जिथे होती तिथलं मला काडीचंही माहीत नव्हतं. त्या बाकावर मी ताईच्या मुलीला जितकं आठवलं तितकं मधल्या सगळ्या वर्षांत मिळून आठवलं नसेल.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. वेळेचं गणित मांडणं हे माझं काम होतं, पण त्या दिवशी मी घड्याळ बघितलंच नाही. फोन वाजला तेव्हा जावई होता, आणि तो रडत होता, आणि क्षणभर मला वाटलं संपलं. मग त्याच्या मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. हे बाकावरून उठले, दोन पावलं पुढे गेले, परत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. बसमधली माणसं आमच्याकडे बघत होती.

मुलगी नंतर बोलली, दमलेली, पण आवाज स्वच्छ. त्या गल्लीत एका सुईणबाईंचा छोटासा दवाखाना होता. विहीणबाईंची सकाळी बाजारात जाता-येता त्या बाईंशी ओळख झालेली. गाडी फिरवल्यावर रस्ता विहीणबाईंनीच दाखवला.

"गाडी हलतच नव्हता," ती म्हणाली. "ड्रायव्हर सारखं म्हणत होता, जकार्ता आलंच, आता आलंच. आणि मला एकदम मावशीची बेबी आठवली. मी म्हटलं, टर्न अराउंड. आत्ताच्या आत्ता."

मी नाक पुसत पुसत एवढंच विचारलं, लाडू घेऊन कधी येऊ? ती म्हणाली, आजच ये.

घरी आल्यावर मी नाशिकला ताईला फोन लावला. आधी सांगू की नको असं झालं होतं. तिची गोष्ट मी तिला न विचारता मुलीला दिली होती. पण सांगितलं, सगळं, जसं घडलं तसं. पाऊस, अडकलेली गाडी, ड्रायव्हरचं 'आलंच आता', आणि पोरीने गाडी फिरवली ती का.

"मुलगी आहे?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"रडली?"

"रडली. खूप रडली."

ती पदराने डोळे टिपत असणार, तिचा तो पदर चाचपण्याचा आवाज मला ओळखू येतो. मी म्हटलं, ताई, उद्या निघतेय मी, तिकीट बदलून मिळालं, जकार्ताला पोचले की फोन करते.

"जकार्ता राहू दे," ताई म्हणाली. "ती झाली त्या गावाचं नाव काय?"

"बेकासी."

"बेकासी," तिने हळूच म्हणून बघितलं. मग आणखी एकदा, नीट. "माझीला गाव नव्हतं गं. हिचं मी लक्षात ठेवीन."